पेटीतली जुनी आयसी मिळत नाही, तेव्हा काय करावे?



या सदरातून आपण बहुधा बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. आपल्या गटागटांतून आता ठिबक आले आहे. त्याच्या मागोमाग झडपा आपोआप उघडणाऱ्या पेट्या आल्या, मोटारीचे ऑटो स्टार्टर आले, सौर पंपाचे कंट्रोलर आले. दहा-बारा वर्षे चाललेल्या या पेट्या आता एकेक करून बसू लागल्या आहेत. दुकानात नेली की उत्तर मिळते, "याची आयसी आता येत नाही, अख्खी पेटी बदला." नवी पेटी हजारोंच्या घरात आणि आयसी मात्र दोन-तीन चहांच्या पैशात. अशा वेळी सभासदाने काय करावे, एवढाच या लेखाचा विषय.

आम्ही शेतकी पदविकेचे माणूस. इलेक्ट्रॉनिक्स हा काही आमचा अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु एका सभासदाच्या चार एकर उसापायी तो शिकावा लागला, आणि शिकताना आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक सांगितल्याशिवाय हा धडा पुरा होणार नाही.

काय घडले

गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. गिरणाकाठच्या एका गावात आमचे एक जुने सभासद आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, मुलगा सुरतेला नोकरीला. चार एकर पूर्वहंगामी ऊस, जमीन वरच्या अंगाला मुरमाड. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. पेटी असल्यामुळे आबांना रात्री उठावे लागत नसे. वीज आली की मोटार सुरू होई आणि झडपा पाळीपाळीने उघडत. एका वळवाच्या रात्री वीज कडाडली आणि पेटी गेली.

आम्ही ती कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात आणली. तेथील तंत्रज्ञाने उघडून पाहिले. २३० व्होल्टचे २४ व्होल्ट करणारा आतला भाग, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तोच मेला होता. त्यातली आठ पायांची आयसी फुटली होती. पाठीवर केए ३८४२ ए अशी खूण. जळगावच्या बाजारात त्या खुणेचा नग मिळाला नाही. दुकानदाराने यूसी ३८४२ दिली, "हीच चालते" म्हणाला. ती बसवली. टेबलावर २४ व्होल्ट बरोबर आले. आम्ही खुशीत पेटी आबांच्या शेतावर लावून आलो.

सकाळी आबांचा निरोप आला, रात्री पेटी जागीच झाली नाही. आम्हाला वाटले तार सैल असेल. पेटी परत आणली, कारखान्यात लगेच चालली. पुन्हा नेली, पुन्हा रात्री बंद. तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, तुमनी पेटी कारखानामा चालस, वावरमा नही."

या येरझाऱ्यांत नऊ दिवस गेले. आबा रात्री कंदील घेऊन झडपा हाताने उघडायला जात होते. तिसऱ्या रात्री बांधावरून घसरले आणि मनगट मोडले. पुढच्या रात्री झडपांकडे जाणारे कोणी नव्हते. मुरमाड पट्ट्यातल्या उसाची पाने सुरळीसारखी वळली, शेंडे करपले. दोष पेटीचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. आम्ही आयसीचा आकडा पाहिला आणि शेवटचे अक्षर सोडले, तेथे घोटाळा झाला. तो कसा, हे समजायला आधी त्या आयसीचे काम समजून घेऊ.

ही आयसी करते काय?

धुळे आणि साक्री तालुक्यांत पांझरेवर फड बागायत काही शतके चालत आली आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, एका फडात ऊस तर दुसऱ्यात भुसार. दार किती वेळ उघडायचे आणि केव्हा पाडायचे हे पाटकरी ठरवतो, आणि जागल्या पाटावर नजर ठेवतो. एसएमपीएसचा कारभार याच रीतीचा आहे.

बाहेरून येणारे २३० व्होल्ट आधी डायोडमधून जाऊन एकेरी होतात आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. तेथे सुमारे ३२५ व्होल्ट उभे असतात (२३० गुणिले १.४१४). हा झाला बंधारा. त्यापुढे मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर, हे दार. हे दार सेकंदाला हजारो वेळा उघडते आणि मिटते. प्रत्येक वेळी थोडी शक्ती छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जाते आणि तेथे २४ व्होल्ट तयार होतात. पलीकडचे व्होल्ट वाढले की घटले याची खबर ऑप्टोकपलर नावाचा तुकडा इकडे आणतो, हा जागल्या. आणि खबर ऐकून दार कमी-जास्त वेळ उघडे ठेवणारा पाटकरी म्हणजे ही आठ पायांची आयसी.

या आयसीचे पाय लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ५ नंबरचा पाय जमिनीचा, म्हणजे शून्याचा. ७ नंबरच्या पायातून तिला खाणे मिळते. ६ नंबरचा पाय दार हलवतो. ३ नंबरवर प्रवाहाची खबर येते; तेथे १ व्होल्ट दिसला की आयसी दार तत्काळ पाडते, म्हणजे पाट फुटत नाही. ४ नंबरवर ठेका धरणारा रेझिस्टर-कपॅसिटर असतो. ८ नंबरवर आयसी स्वतः ५ व्होल्ट तयार करते. १ आणि २ नंबर जागल्याची खबर घेण्यासाठी.

आता या पाटकऱ्याला सुरुवातीला खायला कोण घालतो? पेटी बंद असताना ट्रान्सफॉर्मर झोपलेला असतो. म्हणून बंधाऱ्याच्या ३२५ व्होल्टपासून एक मोठा रेझिस्टर ७ नंबरच्या पायाला जोडलेला असतो. त्यातून अगदी बारीक धार येते आणि पायाजवळचा छोटा कपॅसिटर हळूहळू भरतो. तो १६ व्होल्टपर्यंत भरला की ३८४२ जागी होते आणि काम सुरू करते. मग ट्रान्सफॉर्मरची एक लहान गुंडाळी तिला रोजचे जेवण देऊ लागते. ते १० व्होल्टच्या खाली गेले तर ती पुन्हा झोपते. सुरुवातीच्या बारीक धारेला आपण न्याहारी म्हणू. आबांच्या पेटीचे घोडे न्याहारीतच अडले होते.

आयसी मिळेनाशा का होतात?

उसाच्या जातींचे होते तेच. एके काळी को ७४० ने महाराष्ट्राची शेते भरली होती, पुढे को ८६०३२ आली आणि को ७४० मागे पडली. म्हणून ऊस लावायचा कोणी थांबला नाही.

अशा पाटकरी आयसीची सुरुवात १९७६ सालची. अमेरिकेतील सिलिकॉन जनरल कंपनीत रॉबर्ट मॅमानो यांनी आखलेली १५२४ ही त्यातली पहिली मानतात. त्यानंतर ३८४२ चे घराणे युनिट्रोड कंपनीने आणले आणि ते इतके चालले की अनेक कंपन्या तीच आयसी आपापल्या खुणेने काढू लागल्या. पुढे कंपन्यांची विक्री झाली. १९९९ मध्ये युनिट्रोड ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. त्याच वर्षी सॅमसंगचा हा विभाग फेअरचाइल्डकडे गेला आणि २०१६ मध्ये फेअरचाइल्ड ऑन सेमीकंडक्टरकडे. मालक बदलला की दुहेरी माल ठेवत नाहीत, जुन्या यंत्रांवरचे उत्पादन थांबवतात आणि एखादी खूण बंद होते. परंतु खूण बंद झाली म्हणजे घराणे बुडाले असे नव्हे. ३८४२ आजही एकाहून अधिक कंपन्या बनवतात. प्रश्न एवढाच की त्यातली आपल्या पेटीला चालेल ती नेमकी कोणती.

आधी जिवाची काळजी, मग आयसीची खात्री

येथे थोडे कडक सांगतो. पेटीची वायर काढली तरी बंधारा भरलेलाच असतो. मोठ्या कपॅसिटरमधले ३२५ व्होल्ट बराच वेळ तसेच राहू शकतात आणि जीव घेऊ शकतात. मीटरने मोजल्याशिवाय आत बोट घालू नये. उरलेला दाब जुन्या पद्धतीच्या २३० व्होल्टच्या बल्बमधून, आवरण असलेल्या तारांनी उतरवावा आणि पुन्हा मोजून पाहावे. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याचा प्रकार करू नये. हे काम आयटीआय शिकलेल्या, मीटर धरता येणाऱ्या माणसाचे आहे. एकट्याने आणि ओल्या जमिनीवर उभे राहून तर कोणीच करू नये. हा लेख सभासदाने स्वतः पेटी खोलावी म्हणून नाही. खोलणाऱ्याला काय विचारावे आणि काय करून घ्यावे, हे कळावे म्हणून आहे.

दुसरी गोष्ट, आयसी खरोखरच गेली आहे का? पुष्कळदा तिच्यावर नुसता आळ येतो. पेटी चालू केली की टिक-टिक-टिक आवाज येतो आणि दिवा लुकलुकतो, अशी तक्रार असेल तर आधी ७ नंबरच्या पायाजवळचा छोटा कपॅसिटर पाहावा. उन्हाने तो आतून सुकतो. मग आयसी जागी होते, पण जेवण येईपर्यंत तिला धरून ठेवायला साठाच नसतो. ती पुन्हा झोपते, पुन्हा जागते. हा कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा असताना युरियाची पोती ओतण्यात अर्थ नाही, तसेच हे.

उलट आयसी फुटलेलीच असेल तर ती एकटी सहसा जात नाही. आधी मॉसफेट शॉर्ट होतो, मग ३२५ व्होल्ट ६ आणि ३ नंबरच्या पायांतून उलटे आत शिरतात. अशा वेळी फ्यूज, डायोड, मॉसफेट, त्याच्या पायाचा बारीक रेझिस्टर आणि ३ नंबरकडे जाणारा एका ओहमहून लहान रेझिस्टर हे सारे तपासावे. एवढे न करता नुसती नवी आयसी बसवली तर ती पहिल्याच सेकंदाला जाते.

नंबर कसा वाचावा?

बेण्याच्या नावासारखे आयसीच्या नावाचेही तीन भाग असतात. पुढची अक्षरे बहुधा खुणेची, म्हणजे कोणत्या घरची हे सांगणारी: यूसी, केए वगैरे. मधला आकडा कामाचा. शेवटची अक्षरे सुधारणेची आणि बांधणीची. पुढची अक्षरे बदलली तर बहुधा बिघडत नाही. मधला आकडा बदलला तर मात्र फसगत होते, आणि शेवटचे अक्षर बदलले तर आमच्यासारखी होते.

मधल्या आकड्यात चार भावंडे आहेत. चौघांना आठच पाय आणि पाय त्याच क्रमाने. समोर ठेवली तर नंबर वाचल्याशिवाय फरक कळत नाही. परंतु स्वभाव वेगळे:

३८४२ : १६ व्होल्टला जागते, १० ला झोपते. दार जवळजवळ पूर्ण वेळ उघडे ठेवू शकते.
३८४३ : सुमारे ८.४ व्होल्टला जागते, ७.६ ला झोपते. दार जवळजवळ पूर्ण वेळ.
३८४४ : जागणे-झोपणे ३८४२ प्रमाणे, पण दार निम्म्याच वेळेपर्यंत.
३८४५ : जागणे-झोपणे ३८४३ प्रमाणे, दार निम्म्याच वेळेपर्यंत.

३८४२ च्या जागी ३८४४ बसवली तर तोच ठेका असताना दार निम्म्या वेळाच हलते. अशी पेटी रिकामी असताना छान चालते आणि तीन-चार झडपा एकदम उघडल्या की बसते. ३८४२ च्या जागी ३८४३ बसवली तर ती फार लवकर उठते. झोपायला एक व्होल्टही अंतर नाही, म्हणून टिक-टिक सुरू होते, किंवा मॉसफेटचे दार अर्धवट उघडून तो तापतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात ३८४३ असते. तेथे ३८४२ लावली तर १६ व्होल्ट येणारच नाहीत आणि ती कधीच उठणार नाही.

नांग्या भरताना आपण को ८६०३२ च्या ओळीत दुसऱ्या जातीचे रोप लावत नाही. क्षारपड रानात फुले २६५ तग धरते म्हणून ती सगळीकडे घालत नाही. हाही तसाच हिशेब. वाईट कोणतीच नाही, जागा मात्र ज्याची त्याची.

आमची चूक : शेवटचे अक्षर

आता आबांच्या पेटीकडे येऊ. जुनी आयसी ३८४२ ए होती. आम्ही बसवली ती नुसती ३८४२. आकडा तोच, म्हणून आम्ही निर्धास्त. पण या घराण्यात ए किंवा बी हे अक्षर असलेली सुधारित आयसी कमी न्याहारीवर उठते. तिला साधारण ०.३ मिलीअँपिअर पुरतात आणि जास्तीत जास्त ०.५ लागतात. मूळच्या ३८४२ ला साधारण ०.५ लागतात आणि एखाद्या नगाला १ मिलीअँपिअरपर्यंतही लागू शकतात.

पेटीतला न्याहारीचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा होता. हिशेब करून पाहू.

कारखान्यात २३० व्होल्ट. बंधाऱ्यात ३२५. त्यातून १६ वजा करून उरलेल्या ३०९ ला ४७० ने भागले की ०.६६ मिलीअँपिअर येतात. मूळच्या ३८४२ ला ०.५ हवेत, म्हणजे ती उठली.

आबांचे शेत लाईनच्या शेवटी. रात्री साऱ्या मोटारी सुरू झाल्या की तेथे मीटर १७० व्होल्ट दाखवत होता. १७० गुणिले १.४१४ म्हणजे बंधाऱ्यात २४०. त्यातून १६ गेले, उरले २२४. ४७० ने भागले की ०.४८. आमची आयसी ०.५ मागत होती. दोन शतांश मिलीअँपिअर कमी पडले आणि पेटी रात्रभर झोपून राहिली. जुनी ए असती तर तिला ०.३ पुरले असते.

हे कळले ते इन्स्ट्रुमेंट विभागातल्या तंत्रज्ञाला डिमरस्टॅट लावण्याची बुद्धी झाली तेव्हा. त्याने दाब २३० वरून खाली आणून पेटी पुन्हा पुन्हा चालू करून पाहिली. १८० च्या खाली ती उठेना. मग ३८४२ बी मागवून लावली. १६० व्होल्टलाही पेटी एका दमात उठली. त्या रात्री आबांच्या झडपा आपोआप उघडल्या. आबा हात गळ्यात बांधून ओट्यावर बसून झडपांचा आवाज ऐकत होते.

सबब आमचा पहिला नियम असा: पेटी जेथे चालायची आहे तेथल्या दाबावर ती तपासा. शहरातल्या टेबलावर चालली म्हणून शेतात चालेल असे नाही. विद्यापीठाच्या प्लॉटवरचे उत्पादन पाहून आपण आपल्या रानाचा हिशेब करत नाही, तेच येथेही पाळावे. दुरुस्तीला देताना आपल्या शेतावर रात्री किती व्होल्ट असतात हे कागदावर लिहून द्यावे.

उन्हाचा हिशेब

दुसरी गोष्ट उष्णतेची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो हे काही सांगायला नको. ही झाली सावलीतली हवा. उन्हात टांगलेल्या बंद लोखंडी पेटीच्या आत तापमान त्याहून बरेच वर जाते. ३८४२ ही भोवतालच्या ० ते ७० अंशांसाठी आखलेली आहे. तिचेच थोरले भावंड २८४२. पाय तेच, जागणे-झोपणे तेच, पण ८५ अंशांपर्यंतच्या कामासाठी. मिळाली तर आपल्याकडे २८४२ लावणे शहाणपणाचे. आणि मिळो न मिळो, पेटीवर पत्र्याचे छप्पर करून सावली धरावी. याला फारसा खर्च नाही, आणि त्याने कपॅसिटरचेही आयुष्य वाढते.

उगवण तपासून घ्या

बाजारात जुन्या आयसी घासून, रंग लावून, नवा नंबर छापून विकण्याचे प्रकार होतात. जी खूण बंद झाली तिच्या बाबतीत ते जास्त. म्हणून एकाच्या ठिकाणी दोन नग घ्यावेत आणि बेण्याची उगवण पाहतो तशी त्यांची परीक्षा घ्यावी. घरच्या विजेला हात न लावता ही परीक्षा होते.

कमी-जास्त करता येणारा डीसी पुरवठा घ्यावा, प्रवाहाची मर्यादा ५० मिलीअँपिअर ठेवावी. शून्याची तार ५ नंबरला, अधिकची ७ नंबरला. ८ आणि ४ च्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर, ४ आणि ५ च्या मध्ये ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. २ आणि ३ नंबर शून्याला बांधावे. आता दाब हळूहळू वाढवावा. १६ व्होल्टच्या सुमारास ८ नंबरवर एकदम ५ व्होल्ट दिसले आणि दाब कमी करताना १० च्या सुमारास ते गेले, तर ती ३८४२ च्या स्वभावाची. ८.४ लाच उठली तर वर काहीही छापलेले असो, आत ३८४३ च्या स्वभावाची चीज आहे. ६ नंबरवर ठोके दिसले पाहिजेत. वरच्या मापाने ते सेकंदाला सुमारे ३६ हजार येतात. निम्मेच आले तर ती ३८४४. आणि जागी होण्यापूर्वी, समजा १४ व्होल्टवर, ती किती प्रवाह ओढते हे मोजले की न्याहारीचा हिशेबही तेथेच लागतो. दाब २० च्या वर नेऊ नये.

बसवताना आयसीच्या डोक्यावरची खाच किंवा ठिपका जुन्याप्रमाणेच ठेवावा. उलटी बसली तर गेलीच. जुनी काढताना बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडू नये म्हणून पाय आधी कापून एकेक करून काढावेत. पहिल्यांदा वीज देताना पेटीच्या ओळीत ६० किंवा १०० वॅटचा साधा बल्ब टाकावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर जळत राहिला तर अजून कोठे तरी शॉर्ट आहे. बल्बाने पेटी वाचवली असे समजावे.

केव्हा नाद सोडावा?

प्रत्येक आयसीला जिवंत भावंड असतेच असे नाही. उदाहरणार्थ सीमेन्सची टीडीए ४६०५. तिलाही आठच पाय, पण पायांची कामे वेगळी आणि चालीही वेगळी. तिच्या जागी ३८४२ खुपसणे म्हणजे उसाच्या सरीत केळीचा मुनवा लावून उसाची वाट पाहणे. ट्रान्सफॉर्मर जळला असेल, बोर्ड कोळसा झाला असेल, तरीही नाद सोडावा.

परंतु नाद सोडायचा तो फक्त त्या पुरवठ्याचा, अख्ख्या पेटीचा नव्हे. २४ व्होल्टचा तयार एसएमपीएस बाजारात सहज मिळतो. व्होल्ट तेच, अँपिअर तितके किंवा थोडे जास्त, आणि शेतावरचा कमी दाब सोसणारा असा पाहून घ्यावा. तो पेटीत बसवून दोन तारा जोडल्या की पेटीचा मेंदू, घड्याळ, झडपांच्या जोडण्या सगळे तसेच राहते. मात्र हे ठरवण्यापूर्वी जुन्या पुरवठ्यातून दोन-तीन वेगवेगळे दाब निघत नाहीत ना, हे पाहावे.

आणि ज्याने पेटी गेली ते कारणही मिटवावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्याला अधूनमधून पाणी द्यावे. पेटीच्या तोंडाशी दाबाचा धक्का शोषणारा तुकडा असतो, तो फुटला असल्यास बदलावा. वळवाचे ढग दिसले की शक्य तेव्हा पेटीची वायर काढून ठेवावी.

लक्षात ठेवण्यासारखे

१) "आयसी येत नाही" म्हटले तर विचारा: खूण येत नाही की घराणेच बंद आहे?
२) मधला आकडा तोच हवा, शेवटचे अक्षरही पाहा.
३) आयसी का गेली हे कळल्याशिवाय नवी लावू देऊ नका.
४) आपल्या शेतावरच्या कमीत कमी दाबावर पेटी उठते का, हे डोळ्यांनी पाहून मगच पैसे द्या.
५) काय बदलले, कोणत्या तारखेला, कोणत्या नंबराचे, ही चिठ्ठी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या माणसाचे नऊ दिवस वाचतील.

आबांच्या पेटीत अशी चिठ्ठी आम्ही स्वतः चिकटवली आहे. मनगट जुळून आले. थंडीत मात्र दुखते असे ते सांगतात. मुरमाड पट्ट्यातला ऊस कांड्यांनी आखूडच राहिला. वजनाच्या पावतीवर तो फरक आबांनी आम्हाला बोट ठेवून दाखवला, रागावून नव्हे, हिशेब म्हणून. तो हिशेब आमच्या नावावर आहे, आणि म्हणून हा लेख.

ज्या सभासदांच्या पेट्या "आयसी नाही" म्हणून कोनाड्यात पडून आहेत त्यांनी त्या भंगारात घालण्यापूर्वी आपल्या गट कार्यालयात दाखवाव्यात, सोबत शेतावरचा रात्रीचा दाब लिहून आणावा, ही नम्र विनंती. ज्यांची मुले आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकत असतील त्यांनी हा अंक त्यांच्या हाती द्यावा.

कळावे.

ऊस विकास अधिकारी